हुकूम सोडणारं मूल

अंगणात काठीनं एक रेघ ओढायची. अलीकडे तळं, पलीकडे मळा. मुलं रेघेशी उभी राहतात आणि ज्याच्यावर राज्य असतं तो ओरडतो, ‘मळ्यात!’ की सगळ्यांच्या उड्या पलीकडे. ‘तळ्यात!’ की सगळे परत. मग तोच लागोपाठ दोनदा ‘तळ्यात, तळ्यात’ म्हणतो आणि तिघाचौघांचे पाय उगाच उचलले जातात. ते बाद. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी हा खेळ खेळलेला असतो, तसाच ‘शिवाजी म्हणतो’ही. ऐकायचं, क्षणभर स्वतःला आवरायचं आणि मगच हलायचं, एवढंच त्यात असतं. पण लहान मुलाला हे ‘आवरणं’ फार जड जातं. अमेरिकेत मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी एक चाचणी तयार केली आहे. तिच्यात ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की मुलानं पायाची बोटं धरायची असतात. मूल स्वतःला कितपत आवरू शकतं, हे त्यावरून पाहतात. आपल्या अंगणात हेच काम एका रेघेवर चालत आलं आहे.

हा खेळ हातात मावेल अशा यंत्रात कसा गेला, त्याची गोष्ट मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७८ मध्ये राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचा ‘सायमन’ आला. लाल, हिरवा, निळा, पिवळा असे चार दिवे आणि प्रत्येकाचा एक सूर. यंत्र जो क्रम दाखवेल तो बटणं दाबून परत करायचा. इंग्रजीत आपल्या ‘शिवाजी म्हणतो’च्या जागी ‘सायमन म्हणतो’ आहे, त्यावरून हे नाव. त्यात कसोटी स्मरणाची होती. चपळाईची खरी कसोटी घेणारा ‘बॉप इट’ १९९६ मध्ये आला. तो डॅन क्लिट्सनर या अमेरिकी संशोधकाच्या डोक्यातून निघाला. आधी त्यांच्या मनात मुलांसाठी टीव्हीचा रिमोट होता: ठोकला, पिळला, ओढला की टीव्ही ऐकेल असा. पुढे त्यांनी ती कल्पना उलटी केली. मुलानं यंत्राला हुकूम द्यायच्याऐवजी यंत्रच मुलाला हुकूम देऊ लागलं. ठोक, पीळ, ओढ असे तीन हुकूम, मागे ठेका, आणि तो ठेका वाढतच जातो. हात चुकला की खेळ खलास. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणखी हुकूम आले. ‘पुढच्याला दे’ असं सांगणारा खेळही आला.

मी या खेळण्याला कमी लेखत नाही. त्याचा हुकूम कानावर येतो, त्यामुळे न दिसणारं मूलही डोळस भावंडाच्या बरोबरीनं खेळू शकतं. ते कुणाची बाजू घेत नाही, कुणाला हसत नाही. एकट्या मुलाला ते सोबत देतं. डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. तिथल्या दुकानांपुढे बॅटरीवरचं खेळणं हातात धरून डोळे मोठे केलेलं मूल पाहिलं, तर त्याच्या हातून ते काढून घ्यावंसं कुणाला वाटेल? मला तरी वाटत नाही.

पण त्या उलटलेल्या कल्पनेत एक गोष्ट हरवली. तळ्यात-मळ्यातमध्ये राज्य फिरतं. आज बाद झालेलं पोर पुढच्या डावात रेघेपाशी उभं राहून सगळ्यांना नाचवतं. यंत्रात राज्य कायम यंत्राचंच. मूल कितीही तरबेज झालं, तरी हुकूम देण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

डहाणू-तलासरीत बसून या गोष्टीचा विचार केला, की ती नुसती खेळापुरती राहत नाही. इथल्या वारली आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हुकूम झेलले. सावकार-जमीनदाराची वेठ केली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी, किसान सभेचे कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीनं, हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरीबाईंनी ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तिथून काही मैलांवर, समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. एक चळवळ मोठ्यांची, दुसरी लहानग्यांची. दोहोंच्या वाटा निराळ्या होत्या, माणसंही निराळी होती. तरी मला ही दोन कामं शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. हुकूम झेलणाऱ्या बापाचं पोर हुकूम झेलणारंच निपजू नये, यासाठी सभेइतकंच अंगणही लागतं.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. माँटेसोरी पद्धत त्यांना आतून ठाऊक होती, आणि तिची महागडी साधनं गावाला परवडणार नाहीत हेही. म्हणून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर खडे, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना इथे रुजली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताई स्वतः बालविधवा. घरादाराकडून, रूढीकडून बाईला काय काय ऐकवलं जातं हे त्यांना सांगावं लागलं नसेल. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर कोसबाड हेच त्यांचं घर होतं.

माँटेसोरी पद्धतीत एक शांततेचा खेळ आहे. मुलं डोळे मिटून निश्चल बसतात. शिक्षिका शेजारच्या खोलीतून अगदी हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेते. नाव ऐकू आलं की त्या मुलानं आवाज न करता उठून तिच्याकडे जायचं. चपळाईच्या सगळ्या खेळांत मला हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात कुणीच बाद होत नाही. उशिरा ऐकणाऱ्याचंही नाव येतंच. ‘बॉप इट’चा ठेका वाढतो तो चुकवण्यासाठी. इथे शिक्षिका थांबते ती मुलाला ऐकू यावं म्हणून. दोन्हीकडे कान, मन आणि स्नायू तेच राबतात, पण मुलाच्या वाट्याला काय येतं ते फार वेगळं असतं.

तलासरी हा महामार्गावरचा महाराष्ट्राचा शेवटचा तालुका, पुढे गुजरात. इथल्या बालवाडीत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी वारली बोलतात. वर्गातली पुस्तकी मराठी त्यांना नवी असते आणि दुकानातल्या खेळण्याची इंग्रजी तर त्याहून परकी. बालवाडीच्या ताईंनी ‘उजवा हात वर, डावा खाली’ म्हटलं आणि एखादं पोर थबकलं, तर त्याची बुद्धी मंद आहे असं समजण्याची घाई होते. खरं तर त्याला शब्द उशिरा कळलेला असतो. हात त्याचा तयारच असतो. हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे राज्य त्याच्याकडे देणं. ते आपल्या घरच्या बोलीत हुकूम सोडू लागलं, की त्याच्या बरोबरीची पोरं धडाधड हलतात, आणि अडखळतात त्या ताई. त्यांचा हात चुकतो, त्या बाद होतात, आणि नियमानं बाजूला जाऊन उभ्या राहतात. पोरं पुढचा हुकूम ऐकायला पुन्हा रेघेवर येतात.