सांपडण्यासाठीं लपविलेली वस्तु

मनुष्य वस्तु लपवितो ती सामान्यतः दोन हेतूंनीं. एक तर ती दुसऱ्याच्या हातीं पडूं नये म्हणून, किंवा पुढेंमागें ती आपली आपणांसच मिळावी म्हणून. जमिनींत पुरलेला हंडा आणि भिंतींत चिणलेले दागिने यांच्या मुळाशीं हे दोनच हेतु असतात. परंतु लपविण्याचा तिसराहि एक प्रकार आहे, आणि नीतिविचाराच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्यांत वस्तु लपविली जाते ती सांपडावी म्हणूनच. आणि तीहि लपविणाऱ्यास नव्हे, तर ज्याचें नांवगांव त्यास ठाऊक नाहीं अशा कोणा तिऱ्हाइतास. मुलांच्या लपंडावांत या वृत्तीचें मूळ आहे. फडताळामागें लपलेलें मूल, कोणी शोधावयास आलें नाहीं म्हणजे थोड्याच वेळांत रडकुंडीस येतें. सांपडण्याची भीति व न सांपडण्याची भीति या दोहोंवर तो खेळ उभा आहे, आणि दुसरी भीति पहिलीहून मोठी आहे.

या तिसऱ्या प्रकारास अलीकडे जें व्यवस्थित रूप आलें आहे त्यास जिओकॅशिंग असें म्हणतात. आमच्या पुष्कळ वाचकांस त्याचा परिचय नसेल, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. ज्यांत पाणी शिरणार नाहीं अशा डबींत एक लहानशी नोंदवही ठेवावयाची, ती डबी रानांत, टेकडीवर किंवा शहरांतील एखाद्या पुलाच्या आडोशास लपवावयाची, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध करावयाचे. उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान दाखविणारें यंत्र शोधकास जागेपासून कांहीं मीटरांवर आणून सोडतें. पुढचें काम डोळ्यांचें व तर्काचें. डबी सांपडली कीं वहींत नांव आणि तारीख लिहावयाची व ती होती तशी पुन्हां ठेवून द्यावयाची. शोध किती कठीण आणि वाट किती बिकट, हें लपविणाऱ्यानें १ ते ५ या अंकांनीं आधींच सांगावयाचें असतें. दोन डब्यांमध्यें निदान १६१ मीटर अंतर असावें असा दंडक आहे. जगांत आज अशा तीस लाखांहून अधिक डब्या लपविलेल्या आहेत.

या खेळाची जन्मतिथि नेमकी सांगतां येते. अमेरिकेचें सरकार आपल्या उपग्रहांचे संकेत सामान्य लोकांपुरते मुद्दाम बिघडवून देत असे, आणि त्यामुळें यंत्रानें दाखविलेल्या स्थानांत सुमारें शंभर मीटरांची चूक राहूं शके. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा प्रकार २ मे २००० रोजीं बंद झाला. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरेगॉन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळच्या रानांत एक काळी बादली अर्धवट पुरली. तींत वही, पेन्सिल, कांहीं पुस्तकें, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. जागेचे आंकडे त्यानें इंटरनेटवरील एका चर्चामंडळास कळविले. ६ मेपर्यंत ती बादली दोनदां सांपडली होती. पण नोंद मात्र एकाच शोधकाची झाली होती. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

या खेळांत शोधणाऱ्याचें कौतुक फार होतें. जेथें खेळाडू पुष्कळ आहेत अशा शहरांत नवी डबी जाहीर होतांच कित्येक लोक भर रात्रीं विजेरी घेऊन बाहेर पडतात. वहीच्या कोऱ्या पानावर पहिलें नांव आपलें असावें एवढीच त्यांची हौस. परंतु लपविणाऱ्याचें काय? त्याचें काम संपलेलें असतें आणि तरीहि तें पुरें झालेलें नसतें. तो घरीं बसून वाट पाहत असतो, आणि तीहि कोणाची हें त्याचें त्यास सांगतां येत नाहीं. आगगाडीची वाट पाहणारा वेळापत्रक पाहूं शकतो. शेतकरी पावसाची वाट पाहतो, पण नक्षत्रें तरी त्याच्या ओळखीचीं असतात. पत्राच्या उत्तराची वाट पाहणाऱ्यास तें कोणाकडून यावयाचें हें ठाऊक असतें. डबी लपविणाऱ्यानें जें पत्र धाडलेलें असतें त्यावर ठिकाण अगदीं काटेकोर लिहिलेलें आहे, पण नांवाची जागा रिकामी आहे.

आपल्या देशांत हे खेळाडू विरळ असल्यामुळें ही प्रतीक्षा कधीं कधीं फार लांबते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्याजवळच्या एका टेकडीवर अशी डबी ठेविली आणि चार महिने तिची वही कोरीच राहिली. एकदां तो आम्हांस म्हणाला, "सर, कोणा मित्रास जागा सांगावी आणि त्याच्याकडून पहिलें नांव लिहवून घ्यावें, असें रोज मनांत येतें. त्यांत वाईट तें काय?" प्रश्न डबीचा असला तरी क्षुल्लक नव्हे. जो कोणी पुस्तक लिहितो, शाळा काढतो, झाड लावितो, किंवा कोणाच्या हिताचे चार शब्द बोलून ठेवितो, त्या प्रत्येकास हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच.

येथें पहिला आक्षेप असा येईल कीं, मुळांत वाट पाहणेंच चूक आहे. फळाची आशा धरूं नये ही गीतेची शिकवण आपल्या हाडींमाशीं खिळलेली आहे. तेव्हां डबी ठेवावी आणि विसरून जावें, हें उत्तर कोणीहि देईल. तें उदात्त आहे, पण आमच्या मतें येथें पुरेसें नाहीं. कर्माचें फळ वेगळें आणि कर्माची पूर्तता वेगळी. उन्हाळ्यांत एखादा गृहस्थ रस्त्याच्या कडेस पाणपोई घालतो. वाटसरूनें आपले आभार मानावे, गांवांत आपलें नांव व्हावें, अशी इच्छा तो धरील तर ती फलाशा होय, आणि ती त्यानें सोडावी हेंच बरें. पण तेथें कोणी तरी पाणी प्यावें ही इच्छा त्यानें सोडावी काय? ती सोडली तर पाणपोई आणि पाण्यानें भरलेला रांजण यांत फरक तो काय उरला? पिणारा येणें हें त्या कर्माचें बक्षीस नव्हे, तो त्या कर्माचाच उरलेला अर्धा भाग आहे. तसेंच लपविलेली डबी कोणास तरी सांपडावी ही इच्छा त्या कृत्याच्या पोटांतच आहे. ती काढून टाकिली तर जें उरेल तें केवळ वस्तु टाकून येणें होय.

फळ आणि पूर्तता यांत भेद कसा ओळखावा, असें कोणी विचारील तर त्यास त्या पहिल्या बादलीच्या कथेची आठवण द्यावी. शोध दोन, नोंद एक. ज्यानें नोंद केली त्यानें लपविणाऱ्यास फळहि दिलें आणि पूर्तताहि दिली. ज्यानें नोंद केली नाहीं त्यानें फक्त पूर्तता दिली. आतां या दुसऱ्या शोधकाविषयीं लपविणाऱ्याच्या मनांत काय येतें, यावर सारी परीक्षा आहे. 'तोहि आला होता, त्यानेंहि शोधली' एवढ्यानें ज्याचें समाधान होतें, त्याची प्रतीक्षा शुद्ध. 'आला पण नांव न लिहितां गेला' हाच सल ज्यास राहतो, तो शोधकाची नव्हे तर सहीची वाट पाहत होता.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. मित्रास जागा दाखवून नांव लिहविण्यांत वाईट एवढेंच कीं, ज्या गोष्टीची वाट पाहावयाची तीच त्यानें नाहींशी होते. हातास धरून आणलेला मनुष्य शोधक नव्हे, तो पाहुणा. वहींत नांव पडेल, मन थोडा वेळ निवेल. पण कोणी अनोळखी मनुष्य केवळ त्या आंकड्यांवर विश्वास ठेवून टेकडी चढला आणि त्यास तेथें खरोखरच कांहीं मिळालें, ही घटना घडलेलीच नसेल. शिवाय दुसरें एक देणें त्यांत बुडतें. वहीचें पहिलें कोरें पान लपविणाऱ्याचें नाहीं. तें त्यानें कोणा एकासाठीं राखून ठेविलें आहे आणि तसें जाहीर केलें आहे. तो मनुष्य अजून आला नाहीं म्हणून त्याची ठेव खर्च करण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाहीं. अनोळखी माणसाशीं केलेला करार ओळखीच्या माणसाशीं केलेल्या कराराहून कमी बंधनकारक नसतो. उलट तो माणूस तक्रार करावयास येऊं शकत नाहीं म्हणूनच अधिक जपावयाचा असतो.

परंतु वाट पाहणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणेंहि नव्हे. लपविणाऱ्यानें आंकडे बरोबर दिले पाहिजेत. कठीणपणाचा अंक प्रामाणिकपणें लिहिला पाहिजे. पावसाळा संपल्यावर डबींत पाणी शिरलें कीं काय हें पाहिलें पाहिजे. आणि एखाद्या शोधकानें 'शोधलें पण मिळालें नाहीं' असें कळविलें तर त्याच्या डोळ्यांस दोष देण्यापूर्वीं टेकडी चढून डबी जागेवर आहे कीं नाहीं याची खात्री केली पाहिजे. थोडक्यांत, डबीकडे जावयाचें, शोधकाकडे जावयाचें नाहीं. ही मर्यादा दिसते तितकी सोपी नाहीं. आमच्या लेखकवर्गांत असे लोक विरळ नाहींत कीं जे आपला ग्रंथ जितका दुर्बोध करवेल तितका करतात, आणि मग तो कोणी वाचीत नाहीं म्हणून काळास नांवें ठेवितात. ज्याला मुळांत सांपडावयाचेंच नाहीं त्यानें न सांपडल्याचें दुःख सांगूं नये.

या बाबतींत आठव्या शतकांतील भवभूतीचें उदाहरण घेण्याजोगें आहे. विदर्भांतील पद्मपुराच्या या कवीनें 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत आपल्या निंदकांस उत्तर देतांना, आज ना उद्यां आपल्या वृत्तीचा कोणी तरी रसिक जन्मास येईल असा विश्वास प्रकट केला. त्या उद्गारांत पुष्कळांस केवळ अभिमान दिसतो. आम्हांस त्यांत प्रतीक्षेची शिस्तहि दिसते. त्यानें त्या रसिकाचें नांव सांगितलें नाहीं, तिथि ठरविली नाहीं आणि हांजी हांजी करणारे चार मित्रहि गोळा केले नाहींत. पण नाटक मात्र लिहिलें, आणि तें कालप्रियनाथाच्या यात्रेंत जमलेल्या लोकांपुढें ठेविलें. म्हणजे डबी ठेविली, आंकडे दिले आणि हात मागें घेतला.

किती काळ वाट पाहावी, यास नियम नाहीं. इंग्लंडांत डार्टमूरच्या दलदलीच्या माळावर जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं क्रॅनमियर पूल या दुर्गम जागीं एक बाटली ठेविली. तेथवर पोंचणाऱ्यानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावें अशी योजना होती. त्या एका बाटलींतून तेथें पुढें असा शोधाचा एक स्वतंत्र छंदच उभा राहिला. रिचर्ड गॅरियट यांनीं २००८ सालीं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर, पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर, या खेळांतील एक खूण ठेविली. ती पहिल्यानें नोंदविली रिक मॅस्ट्रॅकियो या अंतराळवीरानें, २०१३ सालीं. उल्मरला तीन दिवस पुरले, गॅरियटला पांच वर्षें लागलीं. पण यावरून दुसऱ्याचा धीर पहिल्याहून मोठा होता असें ठरत नाहीं. जेथें वर्षांतून मोजकीच माणसें जाऊं शकतात तेथें पांच वर्षें थोडीं. आणि जेथें रोज शेंकडों माणसें शेजारून जातात तेथें एक महिनाहि असह्य होतो. डबीपासून दोन हातांवर लोक बसतात, शेंगा खातात, सूर्यास्त पाहतात आणि उठून जातात, हें पाहणें दूरच्या एकांतापेक्षां कठीण आहे.

आणि कोणी कधींच आलें नाहीं तर? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला गोड उत्तर देऊं नये. डबी पुरांत वाहून जाते, गुराख्याच्या पोराच्या हातीं लागते, वणव्यांत जळते. अशा वेळीं 'प्रयत्न तर केला' असें म्हणून तें कृत्य पूर्ण झाल्याचें सोंग आणणें हा आपल्या मनाशीं केलेला खोटेपणा आहे. तें कृत्य व्यर्थ नव्हतें, पण अपुरें राहिलें, एवढेंच म्हणावें. अपुऱ्यास अपुरें म्हणण्याचें धैर्य आणि तें खोट्या सहीनें पुरें न करण्याचा संयम, या दोहोंचा मिळूनच सज्जनाचा धीर होतो.

आमच्या शिक्षकाच्या धंद्यांत तर याखेरीज दुसरें कांहीं नाहीं. वर्गांत साठ मुलें बसलेलीं असतात. त्यांच्यापुढें वर्षभर कांहीं तरी ठेवीत जावयाचें, तें कोणाच्या हातीं केव्हां लागेल याचा पत्ता नसतो. परीक्षेंतील उत्तरें म्हणजे बहुधा आम्हींच हातास धरून लिहविलेल्या सह्या असतात. खरा शोध लागतो तो वीस वर्षांनीं, कोठल्या तरी परक्या गांवीं, एखाद्या अडचणीच्या रात्रीं. आणि त्याची नोंद आमच्यापर्यंत येतेच असें नाहीं. ज्यास हें सोसत नाहीं त्यानें मुळांत कांहीं लपवूंच नये. ज्यास सोसतें त्यानें आपले आंकडे पुन्हां एकदां तपासून पाहावे, डबीचें झांकण घट्ट लावावें, आणि वहीचें पहिलें पान ज्याचें आहे त्याच्यासाठीं कोरें राहूं द्यावें.