उरलेले कशाला म्हणावे?

नाताळ जवळ आला की आपल्या घरांत फुग्यांचे पीठ आंबायला ठेवतात. झाकून ठेवलेले पीठ काही तासांत फुगून वर येते. आत राबत असतात डोळ्यांना न दिसणारे यीस्टचे जीव. ते साखर खातात आणि वायू व अल्कोहोल तयार करतात.

याच जीवांना आज कारखान्यांत मोठ्या कामाला लावले आहे. हरयाणात पानिपत येथे इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झाले. भातकापणीनंतर शेतातच जाळला जाणारा पेंढा तेथे आणायचा, तो शिजवून मऊ करायचा, त्यातली साखर मोकळी करायची आणि यीस्टपुढे ठेवायची, अशी ही पद्धत. त्यातून मिळणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असे उद्दिष्ट ठेवले गेले. धूर टळावा आणि इंधनही मिळावे, याचा आपल्याला आनंदच वाटायला हवा.

पण यीस्टला विवेक नसतो. साखर पेंढ्यातली की तांदळातली, हे ते विचारत नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्र सरकारने अन्न महामंडळाच्या गोदामांतील जादा तांदळापासून इथेनॉल करण्यास मान्यता दिली. सॅनिटायझरची गरज होती, हे खरे. गोदामे भरलेली होती आणि मोफत धान्यवाटपही जाहीर झाले होते, हेही खरे. पण त्याच दिवसांत रिकाम्या पोटी गावाकडे चालत निघालेले मजूर आपण पाहिले. त्यांतील अनेकांजवळ रेशनकार्ड नव्हते. मग तो तांदूळ 'जादा' होता, असे आपण म्हणू शकतो का?

पाच हजारांच्या भोजनानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. काही वाया जाऊ नये, हा धडा आपण त्यातून नेहमी घेतो. क्रमाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आधी सर्व जण तृप्त झाले, मग टोपल्या आल्या. शेजारी उपाशी असेल तर आपल्याकडचे अन्न अजून 'उरलेले' नसते.

यंत्र कितीही हुशार झाले, तरी हा क्रम आपल्यालाच पाळावा लागेल. लग्नाच्या मांडवात उरलेला भात खताच्या खड्ड्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत जाण्याआधी आपण एकदा विचारू या: अजून कोणी जेवायचे राहिले आहे का?