मोजून गरम कमी होतंय का?

पत्र्यावरची ओली पोती आम्हीच काढायला लावली होती.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. विषय : लहान घराचं कार्बन उत्सर्जन कसं कमी करायचं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे दोन. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पत्र्याच्या घरात आम्ही चौघं थर्मामीटर घेऊन बसलो होतो. घर विडी वळणाऱ्या एका बाईंचं. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्का. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर पोती टाकून पाणी मारायच्या. पण पोती असली तर 'मूळ स्थिती'चं रीडिंग कसं मिळणार? म्हणून आम्ही ती उतरवली. दोन तास पत्रा तापत गेला आणि आमचा आलेख छान वर चढला. अक्का मांडीवर सूप घेऊन तिथेच विड्या वळत होत्या. मधेच म्हणाल्या, "मोजून गरम कमी होतंय का रे बाबा?"

आम्ही हसलो. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. पोती परत नीट टाकली की नाही, हे मला आज आठवत नाही.

अहवालात अक्कांचं घर म्हणजे एक तक्ता होता. वीज महिन्याला साधारण ६० युनिट, वर्षाला ७२०. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, म्हणून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे वर्षाला ५०० किलोच्या आसपास. ७५ वॅटच्या साध्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर त्यातलं किती वाचेल, ते आम्ही टक्क्यांत लिहिलं. टक्क्यांत ते मोठं दिसत होतं.

मग मी आयटीत गेलो, पुण्यात राहायला आलो. फ्लॅटमध्ये एसी होता. गेल्या उन्हाळ्यात बिल बघताना हिशेब केला. रात्री आठ तास, तासाला साधारण एक युनिट, तीन महिने. उत्तर आलं ७२०. अक्कांच्या घराचं अख्खं वर्ष माझ्या तीन महिन्यांच्या झोपेत मावलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. 'कार्बन कमी करा' हे आपण नक्की कोणाला सांगतोय?

भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. हे आकडे दाखवून 'आधी त्यांनी कमी करावं' असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरही आहे. पण त्या २ टनांच्या सरासरीत मी आणि अक्का एकत्र मोजले जातो. तिच्या कमी वापराआड माझा जास्त वापर लपतो. सोलापूर जिल्ह्यातच एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. वीज ग्रिडमधून दूरदूर जाते, चिमणी मात्र इथेच उभी आहे.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरातल्या ३०,००० घरांपैकी पहिली १५,००० विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा लोकांना मिळाली. पक्क्या घराला सिमेंट लागतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. म्हणजे पत्र्यातून पक्क्या घरात जाणाऱ्याचा कार्बन वाढणारच. ते चूक आहे का? मला नाही वाटत. त्यांचा थोडा वाढायलाच हवा, आणि त्यासाठी जागा माझ्यासारख्यांनी करून द्यायला हवी. दोघांना सारखेच टक्के कमी करायला सांगणं गणितात बसतं, न्यायात बसत नाही.

यावर माझा एक मित्र म्हणतो, हवेला गरीब-श्रीमंत कळत नाही. आज वाईट बांधलेलं घर पन्नास वर्षं तापणार आणि उद्या तिथेही एसी लागणार. त्याचं म्हणणं मला पटतं. पण मग छत पांढरं करायचं कारण बदलतं. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली, ती माणसं वाचावीत म्हणून. आपली जुनी माळवदाची घरंही मातीच्या जाड छतामुळे गार राहायची. आमच्या तक्त्यात 'वाचलेला कार्बन' हा रकाना होता. 'अक्कांना दुपारी बसता येतं का' हा नव्हता.

विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट वाया जातात असं मी म्हणत नाही. सोलर डेकॅथलॉन इंडियासारख्या स्पर्धेत देशभरातल्या मुलांचे संघ खऱ्या प्रकल्पांसाठी नेट-झिरो इमारतींचे आराखडे करतात. बांधकाम मजुरांच्या निवाऱ्यांसाठीही त्यात वेगळा गट असायचा. शिकायचं तर कुणाच्या तरी घरात जावं लागणारच. मेडिकलची मुलंही खऱ्या पेशंटवरच शिकतात. फरक एवढाच, की तिथे तपासणीनंतर पेशंटला औषध मिळतं. आम्ही तपासलं आणि निघून आलो.

यंदा एप्रिलमध्ये पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन गेलो. अक्कांनी ओळखलं नाही, पोत्यांचं सांगितल्यावर ओळखलं. म्हणाल्या, "छत मालकाचं हाय बाबा, त्याला इचारावं लागंल." छताचा मालक कोण, हेसुद्धा आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं. घरावर सोलर बसवायला आज ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्यासाठी छत स्वतःचं लागतं. मालक फोनवर म्हणाला, "तुमच्या खर्चाने करा, माझी हरकत नाही." मी आणि अक्कांच्या मुलाने सकाळी ऊन चढायच्या आत दोन हात मारले. खर्च माझ्या एका वीकेंडच्या हॉटेलच्या बिलाएवढा.

दुपारी आत बसलो. गरम होतंच, पण बसवत होतं. अक्का म्हणाल्या, थोडा फरक आहे, पोती मात्र टाकणारच. धुळीने, पावसाने तो रंग दोन-तीन वर्षांत जाईल, परत द्यावा लागेल. येतो म्हणालोय.

पुण्यातला एसी आता २६ वर असतो, सोबत पंखा. त्याने ७२० चे ५०० झाले असतील. ते अजूनही अक्कांच्या आठ महिन्यांपेक्षा जास्तच आहेत.