दोन कर्जे

दिवाळीआधी घर आवरायचे म्हणजे भुईगावच्या आमच्या घरात माळ्यावर चढावे लागते. यंदा चढलो तो आजोबांची लाल कापडी बांधणीची वही हाती लागली आणि आवरणे तिथेच राहिले. खाली ओट्यावर महापालिकेचे घरपट्टीचे बिल पडले होते. त्यावरून मी सकाळीच चिडलो होतो. बिल हाती पडले की माणसाला नागरिकशास्त्र आठवते.

वहीत दोन कर्जे होती. पहिले वाडीतल्या विहिरीचे, दुसरे थोरल्या आत्याच्या लग्नाचे. रकमा जवळजवळ सारख्या. दोन्ही फेडली माझ्या वडिलांनी, आणि कर्जे निघाली तेव्हा ते इतके लहान होते की त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

विहिरीच्या कर्जाबद्दल वडील कधी कुरकुरले नाहीत. उन्हाळ्यात बावखल आटे, तेव्हा याच विहिरीवरच्या रहाटाने केळी आणि पानवेल जगवली. लग्नाच्या कर्जाचा विषय निघाला की मात्र म्हणत, "गाव जेवून गेला, भांडी मी घासली." यात सगळे न्यायशास्त्र आले असे मला लहानपणी वाटे. जे टिकते त्यासाठी कर्ज काढावे. त्याच दिवशी संपते त्यासाठी काढू नये.

शहरांनाही हाच नियम लावावासा वाटतो. पुणे महापालिकेने २०१७ साली २०० कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत दहा वर्षे, व्याज ७.५९ टक्के, कारण पाणीपुरवठ्याची योजना. जलवाहिनी नातवालाही पाणी देणार असेल तर तिचा सारा भार आजच्याच करदात्याने का उचलावा? नातवाने पाणी प्यावे आणि हप्त्यालाही हात लावावा, यात अन्याय नाही.

पण मुंबईची एक जुनी हकीकत हा नियम मोडते. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड तिथले पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. शहर गलिच्छ होते, गृहस्थ धडाडीचे होते. रस्ते, गटारे, सफाई, मंडई यांवर त्यांनी पैसा अक्षरशः ओतला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाची तेजी कोसळली आणि मुंबईची पेढी-दुकाने बुडाली. वर करांचा बोजा. १८७१ साली करदाते उसळले आणि क्रॉफर्डना जावे लागले. त्यांनी १८६९ मध्ये उघडलेली मंडई आजही उभी आहे. महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आता तिला आहे. म्हणजे खर्च टिकाऊ कामावरच झाला होता. तरीही चिडलेले लोक चुकले होते असे मला म्हणवत नाही.

त्या गदारोळात सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता उभे राहिले. अधिकारी जबरदस्त असावा, दोष त्यात नाही. पैसा देणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी त्याच्यावर नाहीत यात दोष आहे, असा त्यांचा रोख होता. सभेला ते रुचले नाही. पण १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. अर्थात मत भरपूर कर भरणाऱ्यालाच. भाड्याच्या खोलीतल्या माणसाला त्या उजेडाची तिरीपही पोचली नाही.

हे आठवून मी वही पुन्हा उघडली. विहिरीच्या पानावर सहा सह्या-अंगठे होते, त्यांत आजीचाही. ती सांगे, कागद भर दुपारी ओट्यावर वाचला गेला. विहीर फणसाला खेटून नको म्हणून ती अडून बसली आणि जागा बदलली. त्या विहिरीचे पाणी तिला फार वर्षे लाभले नाही.

लग्नाच्या पानावर एकट्या आजोबांची सही होती. रात्री कंदील घेऊन ते सावकाराकडे गेले. आजीला कळले ते व्याजाचा माणूस दारात आला तेव्हा. आणि गंमत अशी, की ते लग्न वायफळ नव्हते. वडील पुढे शिकले ते आत्याच्याच घरी राहून. भांडी घासणाऱ्याने त्याच पंक्तीचे अन्न खाल्ले होते, आणि ते त्यांना पुरते ठाऊक होते. राग त्या रात्रीचा होता.

आमची वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली; चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून. आमच्या पट्ट्यातल्या गावांनी नको म्हणून रस्त्यावर येऊन सांगितले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरवले, आणि प्रकरण न्यायालयात अडकले. पुढे जून २०२० मध्ये सभासदांची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ अंदाजपत्रक प्रशासकाने मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. त्या वर्षांतला एखादा खर्च उत्तमही असेल. क्रॉफर्डची मंडईही उत्तमच होती.

निवडलेले सभासद असले म्हणजे कंदील विझतो असे नव्हे. कमानी आणि रोषणाईचा मोह त्यांनाच अधिक. आणि ओट्यावर कितीही माणसे बसवली तरी न जन्मलेला नातू तिथे नसतोच. त्याच्या वतीने फणसाबद्दल भांडणारे कोणीतरी तिथे असावे, एवढेच आपल्या हाती आहे.

मुलगी माळ्यावर आली. वही चाळून म्हणाली, "यात आजोबांची सही कुठे आहे?"

"ते तेव्हा पाच वर्षांचे होते."

"मग फेडले त्यांनी का?"

मी तिला घेऊन खाली उतरलो, बिल उलगडले आणि कोणता कर कशासाठी ते वाचून दाखवू लागलो. सामान्य कर, वृक्ष कर, शिक्षण कर… चौथ्या ओळीवर माझे मलाच सांगता येईना.