लेकाची भाकर आणि हक्काचा पगार

सरकारनं म्हाताऱ्यांना पगार चालू केला की लेक हात आखडता घेतात, असं चारचौघांत बोललं जातं. मग हा पगार घरं मोडतो काय?

सवाल खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद मोडताना १९९३ साली काळ्या म्हाताऱ्यांची पेन्शन गोऱ्यांच्या बरोबरीला आली. पुढं एका अभ्यासात दिसलं की पेन्शनचा एक रँड आला की लेकरांकडनं येणारे पैसे २५ ते ३० सेंटनं घटले. म्हणजे हात आखडला. पण ७० सेंट तर म्हाताऱ्याच्या पदरात राहिलेच.

आपल्याकडं योजनेचं नाव श्रावणबाळ. पासष्टीच्या पुढं गरिबाला महिना १५०० रुपये, तेही २०२३ पासून. आधी हजारच होते. नाव आईबापाला कावडीत वाहणाऱ्या पोराचं. पण ऊस तोडणाऱ्या, ठेकेदाराकडं राबणाऱ्या पोराच्या कावडीत आधीच त्याची लेकरं बसलेली हायत. दोन्ही पारडी त्यानं कशी उचलायची?

जमीनवाल्या म्हाताऱ्याच्या बाजूनं सातबारा बोलतो. वाटणी व्हायची असते, म्हणून सून ताट वाढते. आपल्या म्हाताऱ्यांपाशी सातबारा नाही. त्यांच्यापाशी फक्त लेकाची मर्जी.

मर्जीवर जगणं म्हणजे काय, हे आपल्या बापजाद्यांना विचारायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. दारोदार बलुतं मागण्याऐवजी मोबदला रोख आणि ठरलेला असावा, हा त्यातला मुद्दा. देणारा दयाळू असला तरी मागणाऱ्याला वाकावंच लागायचं. लेकाचं दार पाटलाच्या दारासारखं नाही, कबूल. तिथं माया हाय. पण औषधाच्या दहा रुपयांसाठी रोज तोंड उघडावं लागलं, तर मायाही नासते.

घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी सरकारी मदतीचा हक्क लिहिलाय. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, कोर्टात त्याच्या जोरावर भांडता येत नाही. म्हणून म्हातारी लेकाच्या दारातनं सुटते आणि हयातीचा दाखला घेऊन साहेबाच्या दारात उभी राहते. मालक बदलला, वाकणं तेच.

तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरा, पण उपकार म्हणून नको. आणि पगार सुरू झाल्यावर लेकानं काय द्यायचं? दवाखान्यात सोबत, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, दोन शब्द. एवढंही तो देत नसेल, तर ते घर पगाराच्या आधीच मोडलं होतं.