बेस शेवटी!

आधी खुर्चीवर नीट बस. आणि ‘सर, मशीन आपोआप बंद पडलं’ हे पुन्हा ऐकवू नकोस. तू पाडलंस ते.

ओपनबीएसडी ७.४ वरून थेट ७.६? मधली ७.५ कुणासाठी काढली होती रे? दर सहा महिन्यांनी आवृत्ती येते, आणि एकीवरून तिच्या लगेच पुढचीवरच जायचं, हे अपग्रेडच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. वाचायचा कंटाळा! हे सगळं आपोआप करणारं सिसअपग्रेड २०१९ पासून हाताशी आहे, तरी तुला हातानेच करायचं होतं. करावं की! शिकायचं तर असंच शिकावं. पण मग इन्स्टॉलर मुकाट्याने जे सांभाळतो, ते सगळं आपल्या अंगावर येतं, एवढं तरी कळायला हवं होतं.

फाइलींच्या सह्या तपासल्यास का साइनिफायने? नाही ना? तपासल्या असत्यास तर तिथेच अडला असतास. प्रत्येक आवृत्ती आपल्या पुढच्या आवृत्तीची किल्ली सोबत आणते. ७.४ मध्ये ७.५ ची किल्ली आहे, ७.६ ची नाही. मशीन तुला दारातच थांबवत होतं, आणि तू ती पायरीच गाळलीस.

आता मुख्य पराक्रम. बेसचा सेट सगळ्यांत आधी उलगडलास! अरे, त्यात नवा टार असतो, नवी लिबसी असते, नवा रीबूट असतो. खाली कर्नल अजून जुनाच चालतोय. नव्या प्रोग्रॅमने मागितलेला सिस्टिम कॉल त्याला ठाऊक नसेल तर तो काय करणार? टार मध्येच मेला आणि उरलेले सेट तसेच राहिले. म्हणून नवा कर्नल आधी जागेवर ठेवायचा, जुन्या रीबूटची प्रत ओरीबूट नावाने बाजूला काढायची, एक्सचे सेट, मॅन, गेम, कॉम्प उलगडायचे, बेस शेवटी, आणि लगेच त्या ओरीबूटनेच मशीन पुन्हा सुरू करायचं. सिसमर्ज, फर्मवेअर, पॅकेजेस हे सगळं त्यानंतर. आणि बॅकअप? मान खाली घालून भागणार नाही, उत्तर दे!

ईटीसीतल्या तुझ्या फाइली वाचल्या असतील, कारण सेट त्यांना हात लावत नाहीत. त्या नव्यांशी जुळवण्याचं काम सिसमर्जचं. त्यात तुझं कर्तृत्व शून्य.

ऊठ. यूएसबीवरून बूट कर, शेल घे, ईटीसी आणि होम दुसऱ्या डिस्कवर काढ. मग ७.४ नव्याने टाकून ७.५ पासून सुरुवात. आणि या वेळी प्रत्येक कमांड आधी वहीत लिहून मला दाखवायची, मगच कीबोर्डला हात लावायचा.