कानी पडलेली गोष्ट

माळकरी मंडळींत हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. हातातला मोबाईल आपण कुठे जातो, कोणाशी बोलतो, काय विकत घेतो, हे सारे कोणाला तरी कळवीत असतो असे म्हणतात. कळवीना का! आपण काय चोरी करतो? पांडुरंग तर अंतरातलेसुद्धा जाणतो. त्याच्यापुढे ज्याने काही झाकले नाही, त्याने एका यंत्राला काय म्हणून भ्यावे? हा प्रश्न विचारणारे भोळे आहेत असे समजून तो हसण्यावारी नेऊ नये. त्यात खरी श्रद्धा आहे. मात्र त्या श्रद्धेला एका चुकीच्या हिशेबाची जोड मिळाली आहे, असे आम्हांस वाटते.

ह्याच मंडळींतले काही वडीलधारे लगेच पुढे म्हणतात, "त्यापेक्षा तो जुना काळा फोन बरा होता हो. बोललो, ठेवला, संपलं. कोणाला काही कळायचं नाही." आता ह्या दोन बोलण्यांचा मेळ बसत नाही, हे उघडच आहे. ज्याला लपवायचे काहीच नाही, त्याला 'कोणाला न कळणारा' फोन आठवून हळहळ का वाटावी? ह्या हळहळीत काहीतरी आहे खास. म्हणून आधी त्या काळ्या फोनाकडेच वळू.

मुंबईत टेलिफोनचे केंद्र उघडले 1882 च्या जानेवारीत. कलकत्ता आणि मद्रास येथेही त्याच वेळी. परंतु तुमच्याआमच्या घरात तो वाजू लागण्यास त्यानंतर तीन पिढ्या जाव्या लागल्या. 1980 च्या सुमारासही अर्ज करून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. चाळीत, वाड्यात एखाद्याकडेच फोन. बाकीचे लोक लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर शेजाऱ्याचाच नंबर छापीत आणि त्याच्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे घालीत. फोन आला की शेजाऱ्याचा मुलगा गॅलरीतून हाक मारी, आणि ज्याला हाक मारली तो धावत येईपर्यंत सगळ्या मजल्याला कळलेले असे की नाशिकहून कोणीतरी बोलते आहे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून बसायचे. मधे ऑपरेटर. तीन मिनिटे झाली की तीच सांगणार. लाईनीत खरखर इतकी की ओरडून बोलावे लागे. तिथे गुपित ते काय राहणार! कधी लाईन भलतीकडे जुळली की तिऱ्हाईत दोघांचे भांडण ऐकायला मिळे. डायलला चिमुकले कुलूप लावलेले फोनही पुष्कळांनी पाहिले असतील. ते कुलूप बिलाच्या भीतीने असे, चोरून ऐकणाऱ्याच्या भीतीने कोणी लावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि ती जाडजूड डिरेक्टरी! तीत तर नाव, पत्ता, नंबर, सगळे खात्यानेच छापून वाटलेले.

ऐकणाऱ्याविषयी संशय तेव्हाही होताच. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे ऑल्मन स्ट्राऊजर नावाचा, प्रेतांची व्यवस्था करण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ होता. टेलिफोन जोडून देणारी बाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, असे सांगतात. त्या त्राग्यातून त्याने बाईशिवाय आपोआप जुळणारी यंत्रणा काढली आणि 1891 साली तिचे पेटंट मिळवले. आपल्याकडच्या पुष्कळ एक्स्चेंजांतही पुढे हीच स्ट्राऊजरची यंत्रे खटखटत असत. सरकारला फोन ऐकण्याची मुभा 1885 च्या टेलिग्राफ कायद्यानेच दिली होती. तिला आवर घालण्याचे नियम सुप्रीम कोर्टाने घालून दिले ते 1996 साली. तेव्हा जुना फोन म्हणजे बंद खोली होती, ही आठवण खरी नाही. तो उघडा चौकच होता.

मग वडीलधारे हळहळतात ते कशासाठी? आमच्या मते, फोनासाठी नाहीच मुळी. ज्याच्या घरी फोन असे त्या शेजाऱ्यासाठी ती हळहळ आहे.

आठवून पाहा. फोन शेजाऱ्याच्या माजघरात. आपण बोलू लागलो की घरातल्या काकू हातातले काम घेऊन आत वळत. पोरे मधे आली तर त्यांना दटावून बाहेर काढीत. मुलीच्या सासरचे काही बिनसलेले बोलणे, उसने पैसे, दवाखान्याचा निकाल, हे सगळे त्यांच्या कानी पडत असे. भिंत ती केवढी! पण फोन ठेवून आपण वळलो की त्या विचारीत, "चहा टाकू का?" बस्स. काय झाले, कोण बोलत होते, एक अक्षर नाही. ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे, ही केवढी मोठी शिकवण त्या माणसांच्या अंगी होती! आणि वाईट बातमी आली म्हणजे तर विचारूच नका. गावाकडे कोणी गेले की निरोप आधी फोनवाल्या शेजाऱ्याला कळे. तो बिचारा धावत येऊन ओरडत नसे. येऊन बसे, पाणी मागे, घरात कोण कोण आहे ते पाही. मग म्हणे, "गावाकडून बोलावणं आलंय. तब्येत जरा जास्त आहे म्हणतात. रात्रीच्या गाडीने निघावं हे बरं." सगळे कळलेला माणूस सगळे सांगत नसे. किती, कोणाला, केव्हा सांगायचे, ह्याचे ओझे तो स्वतःच्या जिवावर घेई.

सगळे शेजारी असे संत होते असे आम्ही म्हणत नाही. चहाड्या करणारे होतेच. चार घरांत आग लावणारेही होते. पण त्या चहाडखोराला नाव होते, घर होते. त्याला जाब विचारता येई, आणि निदान त्याच्याकडून फोन करायचा नाही एवढे तरी आपल्या हातात असे.

आता हातातला फोन पाहा. मोबाईल चालू असला की जवळच्या टॉवरला आपला ठावठिकाणा देत राहतो. न देईल तर आपला कॉल आपल्यापर्यंत पोचायचाच नाही. एवढे अपरिहार्य आहे. जुना फोन भिंतीला बांधलेला होता, त्यामुळे त्याला आपले बोलणे ठाऊक, पाय ठाऊक नव्हते. ह्याला पायही ठाऊक. पण खरी मेख आपण वर जी ॲपे घेतो त्यांत आहे. साध्या बॅटरीच्या उजेडासाठी घेतलेले ॲपही कधी कधी विचारते, 'तुमच्या ओळखीच्यांची यादी पाहू का?' आणि आपण घाईत 'हो' दाबतो. व्हॉट्सॲपवरचा मजकूर 2016 पासून कुलूपबंद आहे. वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. पण पाकीट बंद असले तरी वरचा पत्ता उघडाच असतो. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले, हे कळण्यास पाकीट फोडावे लागत नाही. लोक म्हणतात, फोन आपले बोलणे चोरून ऐकतो. अहो, आपण काय शोधतो, कुठे किती वेळ थांबतो, शेजारी कोणाचा फोन आहे, एवढे जुळवले की आपल्याविषयी पुष्कळसे आपोआप कळते. कान लावून बसण्याची त्याला फारशी गरजही नाही.

एकेकट्याची क्षुल्लक वाटणारी माहिती एकत्र आली की काय होते, ह्याचा दाखला 2018 च्या जानेवारीत जगाला मिळाला. धावण्याचा, चालण्याचा हिशेब ठेवणारे स्ट्राव्हा नावाचे एक ॲप आहे. त्याच्या कंपनीने लोक कुठे कुठे धावतात ह्याचा जगाचा एक नकाशा हौसेने प्रसिद्ध केला होता. ओसाड वाळवंटात मधेच उजळ रेघा दिसल्या. त्या होत्या लष्करी तळांभोवती व्यायामाला धावणाऱ्या शिपायांच्या! त्यातल्या कोणीही काही लपवलेले नव्हते, की काही सांगितलेलेही नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देव पाहतो, मग यंत्राने पाहिले तर काय बिघडले? ह्यात 'पाहणे' हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला, म्हणून दोन्ही गोष्टी एक झाल्या असे वाटते. जनाबाईच्या दळणाची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. ती एकटी दळत होती हे देवाने पाहिले, आणि पाहून काय केले? जात्याच्या खुंट्याला हात लावला. त्या पाहण्यात देवाला घ्यायचे काही नव्हते. उलट आपला एक माणूस दमला आहे, एवढेच त्याने त्यातून घेतले. ह्या दुसऱ्या पाहणाऱ्याचे काय? दळणारी दमली आहे हे त्यालाही कळते. मग तो तिच्यापुढे कर्जाची जाहिरात ठेवतो. त्याचे दुकानच त्यावर चालते. फुकट दिलेल्या सेवेची किंमत तो अशी वसूल करतो. साक्षी आणि टेहळणारा, दोघेही पाहतात. म्हणून टेहळणाऱ्याला साक्षीचा मान द्यायचा की काय?

कर्जाचे नाव निघाले म्हणून सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत मोबाईलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट झाला. गरजवंताने पाच-दहा हजारांसाठी 'हो' दाबले की त्याच्या फोनमधली सारी नावे-नंबर त्यांच्या हाती. हप्ता चुकला की वसुलीची माणसे त्या नंबरांवर फोन करीत. बहिणीच्या सासरी, मुलाच्या शिक्षकाला, गावातल्या भजनी मंडळीला. बीभत्स फोटो करून पाठवल्याची उदाहरणे झाली. त्या लाजेने देशात काहींनी जीव दिला. पुढे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 च्या नियमांनी, कर्ज देणाऱ्या ॲपांनी ओळखीच्यांच्या यादीला आणि फोनच्या नोंदींना हात लावू नये, असे बजावले.

ह्या ठिकाणी 'मला काय लपवायचं?' हे उत्तर अपुरे पडते. त्या बहिणीने कुठे कर्ज काढले होते? तिचा नंबर भावाच्या फोनमध्ये होता, एवढाच तिचा अपराध. आमच्या फोनात जे आहे त्यातले फार थोडे आमचे असते. शेकडो लोकांचे नंबर, लेकीसुनांचे फोटो, कोणाच्या दुखण्याचे कागद, कोणी रात्री मन मोकळे करून लिहिलेले चार शब्द. ही लोकांची ठेव आहे. आपल्या मालकीची वस्तू माणसाने खुशाल चव्हाट्यावर ठेवावी, त्याला निःसंग म्हणू. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले डबोले उघडे टाकणाऱ्याला तसे म्हणता येईल काय?

खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. 2023 साली माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. चांगलेच झाले. परंतु वैयक्तिक अथवा घरगुती कामासाठी माणूस जी माहिती बाळगतो, तिला तो कायदा मुळी लागूच होत नाही. हे योग्यच म्हणावे लागेल. घराघरांत सरकारी इन्स्पेक्टर कोणाला हवा आहे? पण त्याचा अर्थ असा होतो की, शेजाऱ्याच्या माजघरातल्या त्या काकूंची जागा आता आपल्याकडे आली आहे, आणि आपल्यावर लक्ष ठेवायला आपल्या मनाखेरीज कोणी नाही.

ती जागा आपण कशी राखतो? चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे बायाबापड्या स्नान करतात, ओलेत्याने कपडे बदलतात. तिथे आडोसा असा कधीच नव्हता. आडोसा होता तो आजूबाजूच्या हजारो पुरुषांच्या खाली गेलेल्या नजरेचा. आज त्याच वाळवंटात कोणी तरी फोन वर धरून 'वारीचं दर्शन' म्हणून सरसकट चित्रण करतो आणि घरी पोचायच्या आत ते अनोळखी माणसांच्या हाती फिरत असते. कोणी म्हातारा वारकरी घाटात धापा टाकत बसला. त्याला पाणी देण्याआधी त्याचा फोटो निघतो. काढणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, भक्तीचाच असतो. पण त्या माऊलीला विचारले कोणी?

फोन टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. गर्दीत चुकलेली म्हातारी माणसे आज फोनमुळे तासाभरात सापडतात. पूर्वी दोन-दोन मुक्काम शोध चाले आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळे. हा उपकार लहान नव्हे.

आता दिंड्यांच्या याद्यांविषयी, कारण त्यांचे दिवस जवळ आले की हेच होते. नावनोंदणीसाठी सगळ्यांची आधार कार्डे फोटो काढून ग्रुपवर मागवली जातात. दोनशे माणसांच्या ग्रुपवर दोनशे माणसांचे नंबर, जन्मतारखा, पत्ते. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे चालकालाही धड ठाऊक नसते. असे करू नये. कागद हवाच असेल तर तो एकट्या चालकाकडे द्यावा. ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात असे झाकलेले आधारही मिळते, ते पुष्कळ ठिकाणी चालते. बाकी नाव, गाव, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि औषध चालू असल्यास त्याचे नाव, एवढे वहीत लिहून वही विणेकऱ्याजवळ किंवा चालकाजवळ राहू द्यावी. पौर्णिमेला गोपाळकाला झाला, मंडळी आपापल्या घरी सुखरूप पोचल्याचे कळले, की फोनमधली चित्रे पुसून टाकावी आणि वहीतली ती पाने फाडून चुलीत घालावी. चालक म्हणतील, "मग पुढच्या वर्षी सगळं पुन्हा लिहावं लागेल."

लागेल.